विमानातली लस आणि कर्नलचा रस्ता

मला आयुष्यात एकदाच प्रमुख पाहुणा होता आलं, आणि तेही दुसऱ्याचा पाय मुरगळला म्हणून. वर्ध्याच्या एका कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. ठरलेले प्राध्यापक आदल्या दिवशी जिन्यावरून घसरले आणि आयोजकांची धावपळ उडाली. कोणीतरी त्यांना सांगितलं की आंजी मोठी गावात एक वानखेडे राहतात, ते परदेशात मदतकार्यात होते, त्यांना हुकूमशाहीचा अनुभव आहे. फोन आला तेव्हा बायको शेजारी बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "हुकूमशाहीचा अनुभव तर मलेबी हाये. मले काऊन नाई बोलावत?" दुसऱ्या दिवशी निघताना मात्र तिने बजावलं, "भाषण लांबवू नका. तुमी बर्फावर आले का थांबतच नाई."

स्टेजवरच्या फलकावर विषय लिहिला होता: 'हुकूमशाही राजवटीत मानवतावादी मदत पोहोचवण्यासाठी परकीय हस्तक्षेप समर्थनीय आहे.' एवढं लांब वाक्य वाचून मला आधी घाम फुटला. मग पोरं बोलायला लागली आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. पहिली दोन मिनिटं सगळे पुस्तकी मराठीत बोलत होते. मुद्द्याला जोर आला तशी त्यांची खरी भाषा बाहेर आली.

"शेजारच्या घरात बाप पोराले उपाशी मारून राह्यला," बाजूने बोलणारा एक मुलगा टेबलावर हात आपटून म्हणाला, "अन् तुमी बाहेर उभे राहून कडी वाजवत बसान? दार तोडा लागते, दार!"

टाळ्या पडल्या. मग विरुद्ध बाजूने एक मुलगी उठली. वैष्णवी तिचं नाव, आष्टीची. बेचाळीसच्या उठावाच्या आणि गोळीबाराच्या आठवणी ज्या गावात अजून घराघरात सांगतात, तिथली. ती शांतपणे म्हणाली, "तोडा ना. पन दार तोडून तुमी तं वापस चालले जासान. मंग त्या बिनदाराच्या घरात राह्यन कोन? बाहेरची पलटन गावात शिरली का काय होते, हे आमच्या आष्टीले विचारा."

पुन्हा टाळ्या. दोघांचंही खरं होतं, आणि निकाल मला द्यायचा होता. मी त्या दारापाशी प्रत्यक्ष उभा राहिलेला माणूस. एकदा ते तोडणाऱ्यांच्या बाजूने, एकदा कडी वाजवणाऱ्यांच्या बाजूने. तो किस्सा मी तिथे घाईत सांगितला. इथे जरा सवडीने लिहितो.

आधी माझा धंदा सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. सरकारी कागदावर मी शीतसाखळी तंत्रज्ञ. साध्या भाषेत, लस ठेवायच्या फ्रिजांचा मिस्त्री. वर्ध्याला आयटीआय केलं, आरोग्य खात्यात लागलो आणि जिल्हाभर आरोग्य केंद्रांची यंत्रं दुरुस्त करत एसटीने हिंडलो. लोक मला 'बर्फवाले' म्हणायचे. लग्नसराईत तर मला फार भाव. वरबाप येऊन अजिजीने विचारायचे, "बर्फवाले, दोन पेट्या बर्फ द्या ना, पाहुण्याईले थंड पाणी पाजतो." एका केंद्रात मी लसीचा फ्रिज उघडला तर आत आमरसाचं पातेलं! मी डोळे वटारले तर तिथला शिपाई म्हणाला, "साहेब, रागावता काऊन? लस बाजूलेच हाये ना, तिले कोनी हात नाई लावला." फ्रिजचं दार दर पाच मिनिटांनी आमरसासाठी उघडलं जात होतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवायची असते. आमच्याकडचा मे महिना माहीत असलेल्या माणसाला वाटतं, धोका उन्हाचाच. ऊन वाईटच, पण मला उन्हापेक्षा भीती बर्फाची. घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला यांच्या लसी एकदा गोठल्या की मेल्या. पुन्हा वितळल्या तरी जिवंत होत नाहीत. आणि खोड अशी की बाटली बाहेरून तशीच दिसते. तेच लेबल, तेच झाकण. टोचलं तर पोराला काही होत नाही, पण संरक्षणही मिळत नाही. आई मात्र घरी जाते ती पोर सुरक्षित झालं असं समजून.

हे मला शिकवलं गुलाबमामांनी. ते आमच्या लस भांडाराचे जुने भांडारपाल. फ्रीजरमधून काढलेला बर्फाचा पॅक, म्हणजे पाणी भरून गोठवलेली प्लास्टिकची चपटी डबी, ते कधी सरळ लसीच्या पेटीत ठेवू द्यायचे नाहीत. आधी सगळे पॅक टेबलावर मांडायचे. त्यांना घाम सुटला पाहिजे. मग एकेक उचलून कानाशी हलवायचा. आत पाणी खुळखुळलं तरच तो पेटीत. "कडक बर्फ पेटीत ठेवला, तं लसीले फाशी देल्ली समज," ते म्हणायचे. बाहेर जीप हॉर्न वाजवत असो, डॉक्टर ओरडत असो, मामा आपले स्टुलावर बसून बर्फाला घाम यायची वाट पाहत. मला तेव्हा त्यांचं हसू यायचं.

गोठलेली लस ओळखायची एक युक्तीही त्यांनी दिली. एक बाटली मुद्दाम गोठवायची, मग वितळवायची. ती आणि संशयाची बाटली दोन्ही एका हातात धरून जोरात हलवायच्या आणि टेबलावर शेजारी ठेवायच्या. गोठून मेलेली लस लवकर तळाशी बसते, वर नितळ पाणी उरतं. जिवंत लस बराच वेळ ताकासारखी गढूळ राहते. संशयाची बाटली मेलेलीसारखी वागली की फेकायची. "एक मारा लागते, बाकीच्याईचा खरेपना पाह्याले," मामा सांगायचे. "कोनाच्या सांगन्यावर जाऊ नको, कागदावर जाऊ नको. हालवून पाह्यजो."

पुढे एका परदेशी मदत संस्थेला असाच मिस्त्री हवा होता. सरकारी नोकरीची वर्षं भरली होती, पोरं मार्गी लागली होती, मी गेलो. दोन-तीन देश फिरलो. त्यातला हा एक देश. त्याचं नाव मी लिहिणार नाही, कारण ज्यांनी मला मदत केली ती माणसं अजून तिथेच राहतात आणि राज्यही अजून त्याच माणसाचं आहे. त्याला तिथे सगळे 'थोरले साहेब' अशा अर्थाच्या शब्दाने ओळखत. त्याचा फोटो टपाल कचेरीतही आणि न्हाव्याच्या दुकानातही. नाव घ्यायचं झालं तर लोक आधी खिडकी लावत.

उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखाने त्याच्याविरुद्ध उठाव केला होता. त्याने सैन्य पाठवून तिकडचा एकमेव रस्ता बंद केला. धान्य नाही, औषध नाही, डॉक्टर नाही. आणि तिथल्या मुलांमध्ये घटसर्प सुरू झाला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना सांगतो, पोराच्या घशात राखाडी साय धरते आणि श्वासाची वाट बुजते. लस दोन रुपयांच्या गोळीइतकी साधी गोष्ट, पण ती रस्त्याच्या अलीकडे आणि पोरं पलीकडे.

डोंगरातला दवाखाना एक नर्स एकटीने चालवत होती. तिचंही नाव लिहीत नाही. आंजीत लहानपणी आम्हाला सुया टोचणाऱ्या सुमनबाई होत्या, तशीच ठसठशीत, तशीच कोणाला न भिणारी. म्हणून तिला सुमनताई म्हणू. रस्ता बंद होण्याआधी ती राजधानीत आमच्या प्रशिक्षणाला आली होती. तिची भाषा मला येत नव्हती, माझं इंग्रजी तिला कळत नव्हतं. पण मी दोन बाटल्या हातात घेऊन हलवल्या आणि सवयीने तोंडातून निघालं, "हालवून पाह्यजो." सगळ्या नर्सा हसल्या. तिने मात्र ते शब्द तिच्या लिपीत वहीत लिहून घेतले.

राजधानीतल्या आमच्या कचेरीत रोज तोच वाद चालायचा, जो वर्ध्याच्या स्टेजवर चालला होता. आमच्या प्रमुख एक उंच, सडसडीत डॉक्टरबाई. रोज सकाळी त्या मंत्रालयात परवानगी मागायला जात आणि रोज त्यांना उद्या या सांगितलं जाई. आमच्यातले निम्मे म्हणत, शेजारच्या बलाढ्य देशाची विमानं तयार आहेत, त्यांना बोलवा, परवानगी गेली खड्ड्यात. बाकीचे म्हणत, विमानं आली तर हा माणूस चवताळेल आणि आहे तेही बंद करेल. मी मिस्त्री माणूस, मला कोणी मत विचारलं नव्हतं. पण चहाच्या वेळी मी मोठ्याने सांगितलं होतं, विमानं बोलवा. पोरं मरताना शिक्क्याची वाट कसली पाहता?

आणि विमानं आली. आमच्याच भांडारातली लस सीमेपलीकडच्या विमानतळावर नेली होती. पेट्या मी भरत होतो. विमान निघायला तासभर आहे असं ठरलेलं. मी पॅक टेबलावर मांडले. इतक्यात त्यांचा अधिकारी धावत आला. हवामान बदलतंय, आत्ताच उडायचं, दहा मिनिटं. मी म्हणालो, बर्फाला अजून घाम आलेला नाही. तो माझ्याकडे असा पाहायला लागला की जणू हा माणूस वेडाच. दहा माणसं पेट्यांकडे धावली. विमानाचे पंखे फिरायला लागले. मी एक पॅक उचलून कानाशी हलवला. आत दगड. मला ते कळलं. आणि कळूनही मी तो पेटीत ठेवला, मग दुसरा, मग सगळे. माझ्या मनाने मला सांगितलं, एवढ्यानं काय होतं, वाटेत घामेजतील. गुलाबमामांच्या हाताखाली काढलेली सगळी वर्षं मी त्या दहा मिनिटांत पुसून टाकली.

पेट्या डोंगरात हवाई छत्र्यांनी उतरल्या. मी राजधानीत परतलो तोवर टीव्हीवर चित्रं आली होती. कचेरीत लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मी संडासात जाऊन तोंडावर पाणी मारत होतो.

आमच्या भांडारात त्याच बॅचच्या बाटल्या होत्या. तसाच कडक बर्फ घालून मी एक पेटी भरली आणि विमानाला लागला तेवढा वेळ ठेवून उघडली. बाटल्या गोठल्या होत्या. आता शंकेला जागाच नव्हती. मी वर पाठवलेली लस मेलेली होती, आणि तिकडे सुमनताई ती टोचत असणार. आया निर्धास्त होऊन पोरांना एकमेकांत खेळायला सोडत असणार. डोंगराशी बोलायला फोन नाही, वायरलेस नाही. त्यात विमानांचा राग काढायला थोरल्या साहेबाने रस्त्यावरची फटही बुजवली होती. आधी निदान पायी माणसं सोडत, आता तेही नाही.

मी डॉक्टरबाईंसमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही हे उघड सांगितलं तर उद्या इथला रेडिओ ओरडेल की परदेशी लस म्हणजे विष. या देशात कोणतीही आई लस घेणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर?" मी विचारलं.

"तर तिकडची पोरं जातील," त्या म्हणाल्या.

त्या बाईबद्दल मला आजही आदर वाटतो. त्यांनी मला हाकललं नाही, पाठीशीही घातलं नाही. कागद ओढला आणि मंत्रालयाला सरळ लिहिलं: विमानातली लस आमच्या चुकीने खराब झाली आहे, चांगली लस घेऊन ज्याने चूक केली तोच माणूस जाईल, रस्ता द्या. इतके दिवस 'उद्या या' म्हणणारं मंत्रालय दुसऱ्याच दिवशी 'जा' म्हणालं. परदेशी विमानांची फजिती त्यांना हवीच होती. आमची लाज ही आमची परवानगी झाली.

या वेळी मी बर्फाला घाम येईपर्यंत स्टुलावरून उठलो नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला.

रस्त्यावरच्या नाक्यावर एक कर्नल बसला होता. इस्त्रीचा गणवेश, पुढ्यात ट्रान्झिस्टर, शेजारी दुभाषा. त्याला कागद पोचला होता. त्याने विचारलं, "लस खराब आहे हे तू कशावरून म्हणतोस? उद्या म्हणशील ही चांगली आहे. मी का विश्वास ठेवू?"

मी त्याच्या जीपच्या बॉनेटवर दोन बाटल्या ठेवल्या. एक गोठून मेलेली, एक नवी. त्याच्या हातात दिल्या आणि म्हणालो, तुम्हीच हलवा. त्याने हलवल्या. आम्ही सगळे, कर्नल, दुभाषा, चार शिपाई आणि मी, बॉनेटभोवती वाकून पाहत राहिलो. हळूहळू एका बाटलीत पांढऱ्या गाळाचा साका खाली बसला आणि वर पाणी नितळलं. दुसरी गढूळच. एक शिपाई लहान पोरासारखा हसला.

कर्नल म्हणाला, "बरं. आता ही नवी आधी तुला टोचू."

मोठ्यांना देतात तीही लस सोबत होती. मी बाही वर केली. त्यांच्या वैद्यकीय शिपायाने ती इतक्या जोरात टोचली की माझ्या तोंडून अस्सल वऱ्हाडी शिवी निघाली. दुभाष्याने तिचं भाषांतर केलं नाही.

मग कर्नलने कागद ओढून रेडिओसाठी निवेदन लिहायला घेतलं. परदेशी विमानांनी सडलेली लस टाकली, थोरल्या साहेबांच्या कृपेने आणि सैन्याच्या रस्त्याने शुद्ध लस येत आहे. मी म्हणालो, पहिलं वाक्य हवं तसं लिहा, चूक माझीच आहे. पण शेवटी एक ओळ घाला: दवाखान्यात येणाऱ्या कोणालाही नाव विचारलं जाणार नाही, कोणाला अडवलं जाणार नाही. कारण नाव विचारलं तर उठाववाल्यांच्या बायका पोरं घेऊन येणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"अशक्य," तो म्हणाला.

मी पेटीचं झाकण किंचित उचलून त्याला आतला तापमापक दाखवला. म्हणालो, "साहेब, हा बर्फ उद्यापर्यंत टिकेल. विमानातली लस मी बिघडवली, ते मी सगळ्यांना सांगितलं. ही लस इथे बसून बिघडली, तर तेही मला सांगावं लागेल. तेव्हा रस्ता तुमचा असेल, चूकही तुमची."

हा एका अर्थी दमच होता, आणि बंदुका सगळ्या त्याच्याकडे होत्या. पण बर्फाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही हे त्याला नुकतंच कळलं होतं. तो तापमापकाकडे पाहत राहिला. मग ओळ लिहिली. ती लिहिताना पेनाने कागद फाटला, पण लिहिली. नाक्यावरचा आडवा दांडा वर गेला आणि आमच्या गाड्या निघाल्या. ज्या रस्त्यावर कित्येक दिवसांत मदतीचं चाक फिरलं नव्हतं, त्या रस्त्यावर आंजी मोठीचा फ्रिजवाला मिस्त्री पुढच्या गाडीत बसून चालला होता. छाती फुगली होती, हे कशाला लपवू?

दवाखाना दिसला तशी ती फुगलेली छाती बसली. सुमनताई पायरीवर उभी होती, वाळलेली, डोळे खोल गेलेले. मी गाडीतून उतरलो आणि कसलाही नमस्कार-चमत्कार न करता सोबत आलेल्या दुभाष्याला म्हणालो, तिला विचार, विमानातली लस किती पोरांना दिली?

तिने माझं मनगट धरून मला आत नेलं. खिडकीत दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. दोन्हींत साका तळाला, दोन्हींत वर नितळ पाणी. कोपऱ्यात विमानातल्या पेट्या, दोरीने करकचून बांधलेल्या. तिने त्या पहिल्याच दिवशी उघडल्या होत्या. पॅकला हात लावला तर तो कडक. तिला शंका आली. दवाखान्यात गॅसवर चालणारा छोटा फ्रिज होता, त्यात तिने एक बाटली मुद्दाम गोठवली, वितळवली आणि बाकीच्यांशी पडताळून पाहिली. बाहेर पोरांना घेऊन आया उभ्या होत्या, रडत होत्या, शिव्या देत होत्या की औषध असून देत नाही. तरी तिने पेट्या बांधून ठेवल्या.

मग ती माझ्याकडे वळली आणि मोडक्या उच्चारात म्हणाली, "हालवून पाह्यजो."

एकाही पोराला ती लस दिली गेली नव्हती. एकाही नाही. मी तिथे खाली बसलो आणि रडलो. गुलाबमामा जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती, पण त्या दिवशी त्यांनी माझा कान धरला आणि मला वाचवलंही.

पण काम अजून बाकी होतं, आणि अडचण आली ती भलत्याच बाजूने. रेडिओवर निवेदन झालं होतं. त्या मुलखातली माणसं रेडिओ ऐकत आणि नेमकं उलटं धरून चालत. रेडिओ म्हणतो विमानातली लस खराब, म्हणजे तीच चांगली. रेडिओ म्हणतो रस्त्याची लस शुद्ध, म्हणजे हीच विषारी. आया दारात जमल्या आणि बांधलेल्या पेट्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, आम्हाला ती द्या! मी कपाळावर हात मारला.

सुमनताईने टेबल बाहेर अंगणात आणलं. विमानातली एक बाटली आणि आमची एक बाटली पुढे ठेवली आणि सगळ्यात मोठ्याने भांडणाऱ्या बाईच्या हातात दिल्या. हलव. त्या बाईने हलवल्या, ठेवल्या, आणि कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. साका बसला. बाई पुढे वाकली, दोन्ही बाटल्या पुन्हा हलवल्या, पुन्हा पाहिल्या. मग तिने आपल्या लेकराची बाही स्वतः वर सारली. त्यानंतर प्रत्येकीने बाटल्या हलवून पाहिल्या, कोणी शेजारणीच्या शब्दावरही गेलं नाही. रांग अंगणातून उताराखाली पोचली. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या खेड्यांतून बायका आल्या. उठाववाल्यांची पोरं आली आणि नाक्यावरच्या शिपायांचीही आली, एकाच रांगेत. नाव कोणालाच विचारलं नाही. आम्ही पुन्हा पुन्हा लस मागवली, आणि त्या एका ओळीच्या जोरावर प्रत्येक वेळी दांडा वर गेला. घटसर्प हटला. मी आयुष्यात पुष्कळ यंत्रं चालू केली, पण त्या अंगणासारखं काही चालू झालेलं पाहिलं नाही.

खंत आहे ती लिहिल्याशिवाय पुढे जात नाही. रांगेच्या कडेला एक माणूस उभा असायचा, त्याच्यासोबत पोर नव्हतं. त्याने मला विचारलं, विमानं आली नसती तर पायवाट बंद झाली नसती ना? त्याची मुलगी त्याच दिवसांत, पायी खाली नेता न आल्याने, गेली होती. मी म्हणालो, नसती झाली. आणि त्याच संध्याकाळी एका आईने पोराला माझ्यापुढे उभं करून सांगितलं की विमानातून लसीबरोबर आलेल्या औषधाच्या गोळ्यांनी हा जगला. गोळ्यांना थंडीचं भय नसतं, त्या शाबूत उतरल्या होत्या. दोघांपैकी कोणाला मी खोटं ठरवू? आजही ठरवता आलेलं नाही.

निघायच्या आधी मी सुमनताईला विचारलं, तुझं मत काय? विमान बरोबर, की परवानगी?

तिने पदराला, म्हणजे त्यांच्याकडच्या ओढणीला, हात पुसले. म्हणाली, "विमान आलं तेव्हा मी अंगणात नाचले. रस्ता उघडला तेव्हाही नाचले. पण दोन्ही वेळा पेटी मलाच उघडावी लागली. तुमच्या त्या मोठ्या सभांमध्ये पेटी उघडणारीला कधी बोलावतात का?"

हेच मी वर्ध्याच्या स्टेजवर सांगितलं. घड्याळाकडे पाहिलं तर बायकोने दिलेला वेळ केव्हाच संपला होता. निकाल द्यायचा होता. मी म्हणालो, दार तोडणारा मुलगा आणि त्या घरात कोण राहणार हे विचारणारी मुलगी, दोघं चांगले बोलले. पण घरात राहणाऱ्याची आठवण ठेवली ती वैष्णवीने, म्हणून पहिला नंबर तिचा.

खाली उतरलो तर तीच पुढे आली. बक्षीस हातात होतं, पण समाधान नव्हतं. "सर, एक विचारू? त्या कर्नलनं ती ओळ लिहिलीच नसती, तं? मंग तुमी काय केलं असतं?"

"मंग पोट्टे, मी पुन्हा विमान बोलावलं असतं," मी म्हणालो. "पन या बारीनं बर्फाले घाम येऊ देल्ला असता."

ती हसली, मग गंभीर झाली. "अन् त्या सुमनताई? त्या आता कशा हायेत?"

मी खिशातून फोन काढला. सुमनताई आता त्या मुलखातल्या नव्या नर्सांना शिकवते. गेल्याच महिन्यात तिने एक व्हिडिओ पाठवला होता. एक खोली, भिंतीवर थोरल्या साहेबांचा तोच मोठा फोटो, त्याच्याखाली पांढऱ्या कपड्यातल्या वीसेक पोरी. प्रत्येकीच्या हातात दोन बाटल्या. सुमनताई हात वर करते. ज्या देशात मोठ्याने बोलायची कोणाची छाती होत नाही, तिथे त्या फोटोखाली उभ्या राहून सगळ्या पोरी एका दमात ओरडतात.

कॉलेजच्या व्हरांड्यात तो आवाज घुमला. येणारी-जाणारी पोरं थबकली. आष्टीची वैष्णवी माझ्याकडे पाहतच राहिली.

"सर," ती म्हणाली, "ह्या तं आपल्या भाषेत बोलून राह्यल्या!"

"हो," मी म्हणालो, आणि आवाज आणखी वाढवला.

"हालवून पाह्यजो! हालवून पाह्यजो!"